शस्त्रक्रियेचा निकाल

आमच्या निर्णा गावचे एक निवृत्त शिक्षक माझे ज्येष्ठ स्नेही आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतील गाठ हैदराबादेस काढण्यात आली. घरी परतल्यावर जो तो विचारी, "गुरुजी, चेहरा तर तसाच आहे, मग साधले काय?" हे ऐकून ऐकून गुरुजी खिन्न झाले व पुढील तपासणीस जाण्याचे टाळू लागले.

या विकारास ॲक्रोमेगाली हे नाव फ्रेंच वैद्य पिएर मारी यांनी १८८६ साली दिले. वाटाण्याएवढ्या ग्रंथीतील गाठ वाढीचे संप्रेरक अमर्याद स्रवू लागते आणि हात, पाय, जबडा, जीभ वाढत जातात. हे इतके सावकाश घडते की नित्य सहवासातील माणसांनाही ते जाणवत नाही. गुरुजींची अंगठी सोनाराकडून कापवून घ्यावी लागली, तेव्हाही आम्ही ती साधी सूज समजलो. शाळेचे जुने छायाचित्र हाती आले, तेव्हा कोठे भेद उमगला.

वाचकहो, अशा शस्त्रक्रियेचा निकाल चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. मऊ भागांची सूज उतरते. वाढलेले हाड मात्र मागे फिरत नाही. खरा निकाल रक्तात असतो. सुमारे तीन महिन्यांनी आयजीएफ-१ हा घटक वयोमानानुसार योग्य प्रमाणात आला आहे काय, हे पाहतात. साखरेचे पाणी पाजल्यावर वाढीचे संप्रेरक पुरेसे खाली उतरते काय, हेही तपासतात. गाठ उरली आहे काय, हे एमआरआय सांगते. ग्रंथीची इतर संप्रेरकेही पाहावी लागतात. गाठ दहा मिलिमीटरहून लहान असल्यास यशाचा संभव पुष्कळ. मोठी किंवा बाजूस पसरलेली असल्यास कमी. परंतु अपुरे यश म्हणजे अपयश नव्हे. पुढे औषधे व किरणोपचार आहेत. उपेक्षा केल्यास मात्र मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार बळावतात. निकाल चांगला लागला तरी वर्षातून एकदा तपासणी हवीच.

परवा मी गुरुजींना म्हणालो, "आपण आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. स्वतःची न तपासताच बाजूस ठेवणार काय?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलास हाक मारून म्हणाले, "सोमवारच्या गाडीचे पाहा."

अशा रुग्णाच्या घरी जाल तेव्हा चेहऱ्याविषयी बोलू नका. "रक्त तपासून घेतलेत ना?" एवढेच आपुलकीने विचारा.