झटका कुंपण : जनावर नेमके काय शिकते?

सौर झटका कुंपणाची माहिती देताना आपला भर यंत्राची क्षमता, तारांची संख्या आणि अनुदान यांवर असतो. तारेपाशी आलेले जनावर तेथून काय शिकून जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझ्या मते कुंपणाचे यशापयश मुख्यतः तेथेच ठरते.

वेदना सुरू झाल्यावर तिच्यातून सुटायला शिकणे आणि वेदनेची पूर्वसूचना ओळखून ती टाळायला शिकणे, असा भेद प्राणिवर्तनशास्त्र करते. रिचर्ड सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९५३ मधील कुत्र्यांवरील प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहेत. दिवा मालवल्यानंतर दहा सेकंदांनी पिंजऱ्याच्या त्या भागात विजेचा धक्का बसे. मधला अडसर ओलांडला की सुटका होई. आरंभी कुत्री धक्का बसल्यावर उडी मारीत, पुढे दिवा मालवताच मारू लागली. नंतर धक्का पूर्णपणे बंद केला, तरी काही कुत्री शेकडो वेळा उड्या मारीतच राहिली. (इतका कठोर प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती सहजासहजी मान्य करणार नाही.) धोका टाळणारा प्राणी तो धोका अजून उरला आहे काय, हे पडताळून पाहत नाही. चांगले कुंपण याच बळावर टिकते.

शेतात मात्र तारेपलीकडे हरभरा उभा असतो. भुकेले रानडुक्कर पुन्हा पुन्हा तार चाचपते. गवत तारेला टेकले किंवा बॅटरी उतरली, की एखाद्या रात्री त्याला धक्का बसत नाही आणि पीक मात्र मिळते. ही एक रात्र फार महागात पडते.

धक्का शरीराच्या कोणत्या भागाला बसतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ओल्या नाकाला बसला तर जनावर मागे सरते. मान तारेपलीकडे गेल्यावर पाठीला बसला तर ते पुढे उसळते, म्हणजे थेट शेतात शिरते. त्याच्या दृष्टीने सुटका झाली, वर चाराही मिळाला! म्हणून तार दुरून दिसावी यासाठी तिच्यावर पांढऱ्या पट्ट्या बांधाव्यात आणि खालची तार नाकाच्या उंचीवर असावी. अमेरिकेत हरणांसाठी तारेवर शेंगदाण्याचे लोणी लावतात, ते नाक-जीभ आधी तारेला लागावी म्हणूनच. ऑस्ट्रेलियात संशोधिलेल्या आभासी कुंपणात तर तारच नसते. गुरांच्या गळपट्ट्यातून आधी आवाज येतो आणि गाय थांबली नाही तरच सौम्य धक्का बसतो. बहुतेक गुरे लवकरच केवळ आवाजावर वळू लागतात.

घरगुती वीज थेट तारेत सोडण्याच्या घातक प्रकाराचा येथे वेगळा उल्लेख करावा लागेल. झटका यंत्राचा धक्का क्षणार्धाचा असतो. स्पंदांमधल्या काळात जनावर मागे हटू शकते. थेट विजेने ते मरते आणि कधी शेजारचा शेतकरीही मरतो. हा गुन्हा आहेच. शिवाय मेलेले डुक्कर काहीच शिकत नाही आणि पुढच्या रात्री येणारा कळप पूर्वीइतकाच अनभिज्ञ असतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात आणखी दोन गोष्टी आवर्जून दाखवाव्यात : पीक खाण्याजोगे होण्यापूर्वीच कुंपण सुरू करणे, आणि रोज सायंकाळी तारेतील दाब मापकाने तपासणे.