उन्हाळी प्रयोगशाळा आणि स्वभाषेची वही

बंगळूर हे मेंदूच्या अभ्यासाचे भारतातील एक प्रमुख केंद्र होय. १९७४ साली मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून येथे ‘निम्हान्स’ उभी राहिली; २००९ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेने चेताविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र स्थापन केले. उन्हाळ्याच्या सुटीत शाळकरी विद्यार्थ्याने अशा प्रयोगशाळेत काही आठवडे उमेदवारी करावी, ही कल्पना येथे स्वाभाविक वाटते. तिचे स्वागत करताना भाषेच्या अभ्यासकांनी मात्र एक प्रश्न विचारावयास हवा : आत जाताना विद्यार्थ्याने आपली भाषा दाराबाहेर ठेवावयाची काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अकरावीपासूनच्या विद्यार्थ्यांना संशोधनाकडे वळविण्यासाठी १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना भारतीय विज्ञान संस्थेकडून चालविली जाई. तिची चाचणी इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत होत असे. २०२१ मध्ये तमिळ कादंबरीकार व खासदार सु. वेंकटेशन यांनी याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाकडे दाद मागितली आणि ७ नोव्हेंबरची परीक्षा पुढे ढकलली गेली. २०२२ मध्ये ती योजनाच ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. योजना संपली, प्रश्न शिल्लक राहिला. दाद मागणारा कादंबरीकार असावा, हेही अर्थपूर्ण आहे.

विज्ञानाची आंतरराष्ट्रीय भाषा इंग्रजी आहे, तेव्हा ती लवकर आत्मसात केलेली बरी, हा युक्तिवाद खोटा नाही. शोधनिबंध इंग्रजीतच लिहिला जाईल. तथापि सोळाव्या वर्षीच्या उमेदवारीचे प्रयोजन शोधनिबंध हे नव्हे. नीट पाहणे, पाहिलेले नोंदविणे आणि त्यातून प्रश्न उभा करणे, हे होय. या तिन्ही क्रिया ज्या भाषेत मन मोकळे असते, त्या भाषेत अधिक निर्भयपणे होतात.

शिवाय चेताविज्ञानाचे भाषेशी असलेले नाते रसायनशास्त्राहून निराळे आहे. येथे भाषा हे केवळ माध्यम नाही, ती अभ्यासविषयही आहे. स्मृतीची वा वाचाघाताची चाचणी रुग्णाच्या भाषेतच घ्यावी लागते. शब्दांची यादी नुसती भाषांतरित करून भागत नाही, कारण शब्दाची लांबी आणि परिचितता भाषेगणिक बदलते. सध्या निम्हान्समध्ये असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमधील ६४८ स्मृतिभ्रंश-रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला. निरक्षरांतही हा फरक आढळला. या निष्कर्षाविषयी पुढे मतभेद झाले आहेत. परंतु हा प्रश्न इतक्या व्यापक प्रमाणावर विचारता आला, तो भारतीय समाज बहुभाषिक आहे म्हणूनच. ज्या बहुभाषिकतेवर संशोधन उभे राहते, तीच उमेदवाराच्या बाबतीत अडचण मानावी, ही विसंगती होय.

मराठीपुरते बोलायचे तर आपली सिद्धताही अपुरी आहे. एकाच गोष्टीला बोलण्यात ‘मज्जातंतू’, शालेय पुस्तकांत ‘चेता’ आणि विश्वकोशात ‘तंत्रिका’ म्हणतात. परिभाषा समित्यांच्या बैठकांतून अशी कोंडी सुटत नाही. शब्द वापरात पडले, म्हणजे त्यांतला टिकाऊ कोणता ते ठरते. विद्यार्थ्याची वही ही अशा वापराची पहिली जागा आहे.

म्हणून उपाय साधा आहे. प्रत्येक उन्हाळी उमेदवाराने अखेरीस आपल्या कामाचा दोन पानी वृत्तांत स्वभाषेत लिहावा आणि विद्यापीठांच्या भाषाविभागांनी त्याचे संपादन करावे. प्रयोगशाळेला याचा खर्च नाही. भाषाविभागांना मात्र विज्ञान वाचण्याचे कष्ट घ्यावे लागतील. भारतीय भाषा ज्ञानभाषा व्हाव्यात, असे ठराव आपण पुष्कळ केले. ते खरे करण्याची एक लहानशी संधी दर मे महिन्यात बंगळुरात येते. ती घेण्याची जबाबदारी वैज्ञानिकांइतकीच आपलीही आहे.