हे गाठोडे कोणाचे?

आमचे घर गावाच्या टोकाला आहे. जळगाव जामोदची वस्ती संपते आणि सातपुड्याकडची वाट लागते त्या बाजूला, कपाशीच्या वावरांना लागून. नगरपालिकेचा शेवटचा दिवा मागे पडल्यावरही बरेच चालावे लागते. घर बांधायला काढले तेव्हा गावात जागा परवडत नव्हती आणि मोहल्ल्यात जागाच उरली नव्हती. उर्दू शाळेत शिकवणाऱ्याच्या पगारात जे बसले ते घेतले. उत्तरेला डोंगर, रात्री कोल्हेकुई, एवढीच सोबत.

गेल्या थंडीत एका सकाळी, फजरची नमाज आटोपून मागच्या अंगणात गेलो, तर कुंपणापलीकडच्या बोरीखाली एक गाठोडे दिसले. युरियाच्या गोणीत बांधलेले. शेजारी तीन दगडांची चूल आणि चुलीत राख. म्हणजे रात्री कोणीतरी तिथे बसले होते, शिजवून जेवले होते, कदाचित आमच्या खिडकीच्या उजेडाकडे बघतही होते, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

वर्गात आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो, बेवारस वस्तूला हात लावू नका. त्या दिवशी आम्ही तोच नियम मोडला. दुपारी लांब काडीने गाठ सोडली. आत एक विटकी चादर, जर्मनचा डबा, पसाभर ज्वारीचे पीठ, रबरी चपलांचा जोड, मोबाईलचा चार्जर आणि एक विळा. तो विळा पाहून अम्मीने दाराची कडी लावली ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही. आम्ही शाळेत गेलो की घरात अम्मी आणि धाकटी पोरगी दोघीच असतात. भीती म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

पण आम्ही हा लेख त्या विळ्याच्या भीतीबद्दल लिहीत नाही. ती भीती कोणालाही वाटेल. शेजारच्या वावराचे मालक पाटील यांनाही वाटली. ते म्हणाले, "सर, काहून घोर करता? ठाण्यात फोन करा अन् मोकळे व्हा." किती सोपे वाक्य! त्यांच्या तोंडून ते सहज निघाले, कारण त्यांच्यासाठी ते खरोखरच सोपे आहे. आम्ही फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना विचारले. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बेटा, जला डालो. किसी से जिक्र मत करो. कल को पूछेंगे, तुम्हारे ही घर के पीछे क्यों मिला?"

एकाच गाठोड्याबद्दल, एकाच दिवशी, दोन शेजाऱ्यांचे हे दोन सल्ले. एकाला वस्तूची भीती, दुसऱ्याला वस्तू सापडल्याची भीती. या दोन भीतींमधले अंतर हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

"काही केले नसेल तर भ्यायचे कशाला?" असे आम्हाला स्टाफरूममध्ये, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत नेहमी ऐकवले जाते. विचारणारी माणसे वाईट नसतात. त्यांच्यासाठी आम्ही फक्त काही तारखा सांगतो.

८ सप्टेंबर २००६. शब-ए-बरातचा शुक्रवार. मालेगावात बडा कब्रस्तानजवळ सायकलींवर ठेवलेले बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक सगळी नमाजी. सायकली कोणाच्या, हा प्रश्न होता. उत्तर म्हणून नऊ मुसलमान तरुण आत गेले. २०११ साली त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. नऊपैकी एकजण ते ऐकायला जिवंत नव्हता.

११ जुलै २००६. मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट. १८० पेक्षा जास्त बळी. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या पाचांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. एकजण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. याच खटल्यातून २०१५ मध्ये एकटे निर्दोष सुटलेले अब्दुल वाहिद शेख हे आमच्यासारखेच शाळामास्तर. नऊ वर्षे आत काढून त्यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. काही केले नव्हते, तरी नऊ वर्षे. आता सांगा, भ्यायचे कशाला?

आणि २९ सप्टेंबर २००८ चा मालेगावचा भिक्कू चौक. तिथे मोटारसायकल होती. सहा जीव गेले. त्या खटल्यातल्या सातही आरोपींची ३१ जुलै २०२५ रोजी मुक्तता झाली, पुरावा पुरेसा नाही म्हणून. नुसता संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार एवढीच, की हे तत्त्व प्रत्येकाच्या दारात पहिल्याच दिवशी पोचावे. काहींच्या दारात ते नऊ वर्षांनी पोचते, काहींच्या एकोणीस वर्षांनी. आणि मेलेल्यांच्या घरच्यांना तर आजही कळलेले नाही, की ती सायकल, ती पिशवी, ती मोटारसायकल ठेवली कोणी. संशयाने आमचेही भले केले नाही आणि त्यांचेही.

इथपर्यंत आमचे बिरादर माना डोलावतील. आता जे लिहितो ते त्यांना रुचणार नाही.

त्या रात्री आम्हाला झोप नव्हती. गाठोड्याचा मालक कोण असेल याचा विचार करताना आमच्या मनात पहिला शब्द आला तो 'पारधी'. दुसरा, 'डोंगरातला कोणी'. आम्ही बी.एड. झालेलो, संविधानाची उद्देशिका मुलांकडून पाठ करून घेणारे. तरी आमच्या मनाने एका क्षणात अख्ख्या जमातीचा पंचनामा केला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण आमच्या डोक्यातून कुठे रद्द झाला? आमच्या कौमवर संशय घेतला तर तो जुलूम, आणि आम्ही दुसऱ्यावर घेतला तर ती खबरदारी! हा कुठला इन्साफ?

अनोळखी माणसाच्या भीतीचे शेवटी काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत तिथे आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मोबाईलवरून पसरले होते. पाचही जणांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेने मारले गेले. यांत कोणी मुसलमान नव्हता. म्हणजे हा आजार एका धर्माचा नाही. ज्याच्या ओळखीचे कोणी जवळ नाही, ज्याची बोली वेगळी, ज्याचे घर पाठीवर, तो मारला जातो. राईनपाड्याच्या आधी तसले संदेश आमच्याही मोबाईलवर आले होते आणि आमच्या मोहल्ल्यातूनही पुढे गेले होते. "एहतियातन भेजा," असे तेव्हा म्हटले जायचे. एहतियात! या एका शब्दाखाली किती खून झाकले जातात.

गाठोडे जाळून टाका म्हणणाऱ्या बुजुर्गांना आम्ही अदबीने एक आठवण करून देतो. आपल्याच फिकहमध्ये 'लुकता' नावाचा अख्खा बाब आहे, सापडलेल्या वस्तूचा. हदीसमध्ये रसूलुल्लाहची ताकीद अशी, की थैली आणि तिची दोरी ओळखून ठेवावी आणि वर्षभर पुकारा करावा. मालक आला तर त्याची वस्तू त्याला द्यावी. जाळा, असे कुठे आहे? देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७१ म्हणते, की सापडलेली वस्तू ज्याने ताब्यात घेतली त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच. दीन सांगतो सांभाळा, कायदा सांगतो सांभाळा, आणि आमची भीती सांगते जाळा. आम्ही कोणाचे ऐकत आहोत?

पाचव्या दिवशी आम्ही अर्ज लिहिला. मराठीत, स्वच्छ अक्षरात, वस्तूंच्या यादीसह. ठाण्यात नेऊन दिला. अर्ज घेतला गेला, पोच मिळाली, कोणी वावगे बोलले नाही. एक जमादार येऊन बोरीखालची जागा पाहून गेले. म्हणाले, "मजुराचं दिसते. मालक आला तर देऊन द्या, नाही आला तर कळवा." एवढेच. मग पाच दिवस आम्ही कशाला मेलो? जमादार भले निघाले हे आमचे नशीब, आणि आमचा मुद्दा नेमका हाच आहे. नागरिकाची सुरक्षितता समोरचा माणूस भला निघण्यावर अवलंबून नसावी.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, असे बसस्थानकांत आणि रेल्वे फलाटांवर रोज ओरडून सांगणाऱ्या सरकारने एक वाक्य जोडावे: कळवणाऱ्यावर संशय घेतला जाणार नाही. आणि ते पाळून दाखवावे. ज्यांची वर्षे नाहक तुरुंगात गेली त्यांना भरपाई हक्काने मिळावी, खैरात म्हणून नव्हे. आणि आमच्या मोहल्ल्याने कुजबुजणे सोडावे. अर्ज लिहायला शिकावे, पोच मागायला शिकावे. गप्प बसण्याने आजवर कोणीही वाचलेला नाही.

त्याच आठवड्यात पाचवीच्या वर्गात आम्ही विचारले, "रस्त्यात लावारिस बॅग दिसली तर काय कराल?" एक पोरगा उठला, "सर, भाग जाना." "पोलिसांना सांगायचे नाही?" तो म्हणाला, "नै सर. नाम लिख लेते."

दहा वर्षांचे ते पोर. त्याला मालेगाव माहीत नाही, मुंबईचा खटला माहीत नाही. त्याच्या पुस्तकात हे कुठेच नाही. तरी त्याला हा धडा पाठ आहे. आम्ही त्याला शिकवला नव्हता, पण खोडूनही काढला नव्हता. त्या दिवशी आम्ही फळ्यावर अर्जाचा नमुना लिहिला आणि वर्गातल्या प्रत्येकाकडून, त्या पोराकडूनही, वहीत उतरवून घेतला. खाली प्रत्येकाने स्वतःचे नाव पूर्ण लिहिले.

गाठोडे आमच्या मागच्या खोलीत खुंटीला टांगलेले आहे. पिठात किडे व्हायच्या आत ते चिमण्यांना घातले, चादर धुऊन ठेवली, विळ्याला तेल लावले. दोरी तीच ठेवली आहे, मालकाला ओळखता यावी म्हणून. पाटलांच्या मजुरांना, वरच्या पाड्यांकडून बाजाराला येणाऱ्यांना आम्ही विचारतो, हे कोणाचे? अजून कोणी आलेले नाही. कदाचित तोही आमच्या खिडकीचा उजेड पाहून घाबरला असेल, आणि घर कोणाचे हे कळल्यावर आणखीच. वर्ष पुरे व्हायला अजून अवकाश आहे. तोवर आम्ही पुकारत राहू.