कळलावी: हृदयरोगाच्या गोळीमुळे मागणी वाढेल का?

पावसाळ्यात कुंपणावर चढलेली, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी तुमच्या ओळखीची असेल. घरात आणली तर भांडणे लागतात, असा तिच्याबद्दल समज आहे. या वेलीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन हे विषारी अल्कलॉइड असते. गाउट या सांधेदुखीवर ते जुने औषध आहे. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी त्याच्या 0.5 मिलिग्रॅमच्या गोळीला मान्यता दिली. त्यामुळे ‘आता कळलावीला सोन्याचा भाव येणार’ असे वाटत असेल, तर कंद विकत घेण्यापूर्वी थोडे गणित करू.

मागणीचे गणित

बियांत साधारण 0.5 टक्के कोल्चिसीन धरले, तर एक किलो बियांत ते 5 ग्रॅम भरते. म्हणजे कागदावर 10,000 गोळ्या! एक लाख रुग्णांनी वर्षभर रोज एक गोळी घेतली, तर लागेल 18.25 किलो कोल्चिसीन, म्हणजेच सुमारे 3,650 किलो बी. एकरी 80 ते 100 किलो बी धरले, तर सुमारे 37-46 एकर पुरतात. काढताना निम्मे वाया गेले, असे मानले तरी 90 एकर.

थोडक्यात, रुग्ण लाखाने वाढले तरी क्षेत्र काही एकरांनीच वाढते. शिवाय 2024 मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे 7,000 रुग्णांवरील चाचणीत या औषधाचा फायदा दिसला नाही. तमिळनाडूत करूर, दिंडिगल, तिरुप्पूर भागांत हे पीक आधीपासून आहे. थोडे क्षेत्र वाढले तरी भाव पडू शकतो.

विकायचे ते बी, कंद नव्हे

कंदात कोल्चिसीन बियांपेक्षा कमी असते. कंद उपयोगी आहे तो मुख्यतः लागवडीसाठी. बियांपासून लावलेल्या वेलीला चांगले उत्पन्न यायला तीन-चार वर्षे लागतात, म्हणून सगळे कंद लावतात आणि तोच सर्वांत मोठा खर्च असतो. फुलाची रचना अशी की परागीभवन आपोआप नीट होत नाही. रोज सकाळी हाताने करावे लागते. ही मजुरी हिशेबात धरा. रानातले कंद उपटून विकू नका. तो वेल पुन्हा उभा राहत नाही.

विषाबाबत

कोल्चिसीन शरीरातील पेशींचे विभाजन थांबवते. पोटात गेल्यावर काही तासांनी उलट्या, जुलाब सुरू होतात. मग थोडे बरे वाटते आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, रक्त, हृदय यांवर परिणाम होतो. या मधल्या बऱ्या वाटण्यानेच घात होतो. खात्रीचा उतारा उपलब्ध नाही, म्हणून लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि सोबत कंदाचा तुकडा न्या. काही भागांत कळलावीलाही बचनाग म्हणतात. हिमालयातल्या खऱ्या बचनागातले ॲकोनिटीन वेगळे असते आणि ते लवकर हृदयाची लय बिघडवते. नुसत्या नावावरून डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते.

कंद रताळे किंवा करांदा समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्या आहेत. म्हणून:

- कंद स्वयंपाकघरात किंवा धान्याच्या खोलीत ठेवू नका. पोत्यावर ‘विष’ असे ठळक लिहा.
- कंद व बी हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.
- शेळ्या-गुरांना शेतात सोडू नका.
- घरगुती औषध म्हणून कंद उगाळून कोणालाही देऊ नका, बाळंतिणीला तर नाहीच.

मग लावावी का?

खरेदीदाराने भाव, ओलावा आणि कोल्चिसीनचे प्रमाण लिहून दिले असेल, तर पाच-दहा गुंठ्यांवर करून पाहा. फक्त तोंडी आश्वासनावर, तेही कंद विकणाऱ्याच्याच, एकरभर लावू नका. कंद विकणाऱ्याचा नफा तुम्ही कंद घेतलात की त्याच दिवशी होतो. तुमचा नफा बी विकले गेल्यावरच.