यंत्राची निद्रा

संगणक चालू आहे म्हणजे तो अखंड राबत आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. आपण पत्र टंकलिखित करीत असता दोन अक्षरांच्या दरम्यान प्रोसेसरला बहुतेक वेळ काहीच काम नसते. या रिकाम्या वेळात त्याने करावे काय, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. विजेचे बिल आणि लॅपटॉपची बॅटरी दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

हा निर्णय कार्यप्रणालीचा गाभा घेतो. त्याला 'कर्नल' म्हणतात. लष्करातल्या कर्नलसाहेबांशी त्याचे नाते नाही. आठळीतला गर, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी 'सीपीयू-आयडल' ही स्वतंत्र व्यवस्था २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ या आवृत्तीत आली. तिच्याविषयी वेंकटेश पल्लीपाडी, शाओहुआ ली आणि अ‍ॅडम बेले यांनी २००७ साली जो निबंध सादर केला, त्याच्या शीर्षकाचा आशयच 'काहीही न करणे, पण कार्यक्षमतेने' असा आहे. आम्हांला हे शीर्षक फार आवडले.

झोपेच्या पायऱ्या असतात. 'सी-१' ही नुसती डुलकी. पुढील पायऱ्यांवर जवळची स्मृती रिकामी केली जाते, वीजपुरवठाही तोडला जातो. बचत वाढते, पण जागे व्हायला वेळ लागतो. इंटेलच्या २०१५ सालच्या 'स्कायलेक' प्रोसेसरसाठी लिनक्समध्ये जे कोष्टक आहे, त्यात सी-१ मधून उठण्यास २ मायक्रोसेकंद, तर सी-१० मधून उठण्यास ८९० मायक्रोसेकंद दिले आहेत. आणि सी-१० परवडायची तर निदान ५,००० मायक्रोसेकंद निजले पाहिजे. पाहुणा घटकाभरात येणार असता मच्छरदाणी बांधून निजणाऱ्याची जी गत, तीच येथे: बांधण्या-सोडण्यातच श्रम जातात.

तेव्हा खरा प्रश्न भाकिताचा. पुढचा ठरलेला गजर कर्नलला ठाऊक असतो. कळ कोण केव्हा दाबील, हे ठाऊक नसते. 'मेनू' नावाचा नियंत्रक गजरापर्यंतच्या काळाला पूर्वानुभवाच्या गुणकाने कमी करतो, शिवाय मागील ८ विश्रांतींत काही नियमितपणा दिसतो का तेही पाहतो. रफाएल वायसोत्स्की यांचा २०१९ मधील 'टीईओ' नियंत्रक गजरांवरच अधिक भिस्त ठेवतो.

एकेकाळी तर कर्नल स्वतःच झोपमोड करी. काम असो वा नसो, सेकंदाला शेकडो ठोके पडत. गुरख्याने दर तासाला दार वाजवून 'झोपलात ना?' असे विचारावे, तसा प्रकार. एप्रिल २००७ च्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकाम्या वेळचा ठोका थांबवण्याची सोय झाली.

ज्यांना क्षणाचाही विलंब खपत नाही, असे कार्यक्रम 'इतक्या मायक्रोसेकंदांहून उशीर नको' अशी मर्यादा नोंदवू शकतात. कर्नल ती पाळतो. काही मंडळी मात्र वेगाच्या हव्यासाने गाढ झोप सरसकट बंद करतात. घरगुती यंत्राच्या बाबतीत आम्हांला हे अनाठायी वाटते. अनेक प्रोसेसरांत काही गाभे गाढ झोपले, तरच उरलेल्या जाग्या गाभ्यांना कमाल वेग मिळतो.