शंभरातले किती पोचले?

जानेवारी आला की ऑफिसात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक, एचआरचा 'प्रूफ सबमिट करा' असा मेल. दुसरी, मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या कलीगने पाठवलेली डोनेशनची लिंक. आपणही हजार-पाचशे देऊन टाकतो. ८०-जीची पावती मिळेल ना, तेही विचारून घेतो. (नव्या टॅक्स रिजीममध्ये ती सवलतच नाही, हे बऱ्याच जणांना मागाहून कळतं!) आणि मग कँटीनमध्ये चहा पिता पिता तो नेहमीचा प्रश्न येतोच, 'यातले गरिबांपर्यंत नक्की पोचतात किती? बाकी सगळे पगारातच जात असतील, नाही?'

हिशेब मागावाच. देणाऱ्याचा तो हक्क आहे. गडबड आहे ती 'पगारातच' या शब्दात. इन्क्रिमेंट दोन टक्के कमी मिळालं की लगेच रेझ्युमे अपडेट करणारे आपण, वस्तीत घरोघर फिरणाऱ्या ताईंनी मात्र 'सेवा' म्हणून राबावं अशी अपेक्षा धरतो. या ताई बहुतेक वेळा त्याच वस्तीतल्या असतात, राव! म्हणजे गरिबांसाठी पैसे द्यायचे आणि काटकसर करायची ती गरिबाच्याच पगारात.

आता गडचिरोलीला चला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधायचा होता, तेव्हा तो कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आमच्या घरांसारखा बांधा, नातेवाइकांना सोबत राहता आलं पाहिजे, असं लोकांनी सांगितलं. तसाच दवाखाना उभा राहिला, झोपड्यांचा. नाव दिलं दंतेश्वरी देवीचं.

पुढे तान्ह्या बाळांचे मृत्यू थांबवायचे ठरले, तेव्हा गावातल्याच बायकांना ट्रेनिंग दिलं. बाळाला तपासणं, न्यूमोनिया ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं, सगळं घरच्या घरी. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला आणि २०११ पासून आशाताईंमार्फत घरच्या घरी बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

यात वाटप कुठे आहे? ना ब्लँकेट, ना दप्तर, ना फोटो. आहे ते ट्रेनिंग, मानधन, देखरेख आणि नोंदवह्या. आपल्या कँटीनच्या भाषेत सगळा 'अॅडमिन'! पण बाळं वाचली ती त्यानेच.

कंपन्यांचंही आपल्यासारखंच आहे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. जिथे कंपनीचं काम चालतं, त्या भागाला प्राधान्य द्या, असं कायदाच सांगतो. आता ऑफिसं आणि कारखाने आहेत कुठे? मुंबईत, ठाण्यात, पुण्यात. गडचिरोली आणि नंदुरबार २०१८ च्या 'आकांक्षित' म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहेत, पण तिथे आपला टॉवर नाही. त्यात प्रपोजल हवं इंग्रजीत, सोबत प्रेझेंटेशन. तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे काम करणारी माणसं असतात, स्लाइड बनवणारी नसतात. ज्याची स्लाइड चकाचक, त्याचा चेक आधी.

म्हणून यंदा पैसे देताना प्रश्न थोडे बदलून बघा. 'किती पोचले?' याच्या जोडीला विचारा, 'काय करायचं हे ठरवतं कोण? ज्यांच्यासाठी काम चालतं, त्यांच्यातलं कुणी तुमच्या स्टाफवर किंवा कमिटीवर आहे का? त्यांना पगार वेळेवर मिळतो का?' उत्तरं पटली तर एकदाच पाच हजार देण्यापेक्षा महिन्याला चारशे द्या आणि सांगा, 'लागेल तिथे वापरा, भाड्याला वापरलेत तरी चालेल.' ऑफिसच्या सीएसआर टीममध्ये असाल, तर मराठीत आलेला दोन पानी अर्जही वाचायचा, एवढा एक नियम करून घ्या.

महिन्याच्या एक तारखेला पगाराचा एसएमएस आला नाही तर आपलं काय होतं, ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. त्या ताईंच्या घरीही एक तारीख येतेच की!