विहीर माझी, पाणी कोणाचे?

'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा मंत्र महाराष्ट्राने पाठ केला; परंतु जिरलेले पाणी कोणी, किती आणि कशासाठी उपसायचे, या प्रश्नाला आपण अद्याप बगलच देत आलो आहोत.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. दुष्काळाची भीषणता सांगण्यासाठी हे दृश्य पुरेसे होते, पण त्यामागचे गणित फारसे कोणी मांडले नाही. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला पीक हाती येईपर्यंत साधारणपणे दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे तशा चाळीस फेऱ्यांचे पाणी केवळ एक हेक्टर ऊस पितो. आणि ज्या मांजरा खोऱ्यात ही गाडी आली, ते खोरे ऊस आणि साखर कारखान्यांचे म्हणूनच ओळखले जाते. पाऊस कमी झाला होता, हे खरेच. परंतु टंचाईचे सारे खापर आभाळावर फोडता येणार नाही.

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग बसाल्टच्या काळ्या कातळाचा आहे. गंगेच्या मैदानातील गाळात शेकडो फूट खोलपर्यंत पाणी साठते. आपल्याकडे ते वरच्या मुरुमात आणि कातळाच्या भेगांतच काय ते मावते. पडलेल्या पावसाचा साधारण दहावा भाग भूगर्भात उतरतो. पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात एका हेक्टरवर वर्षभरात पन्नास लाख लिटर पाणी पडते, पण जमिनीत उतरते ते जेमतेम पाच लाख लिटर. भूजलावर एक हेक्टर ऊस पाटाने जोपासायचा, तर चाळीस हेक्टरांवरील मुरलेले पाणी त्याला द्यावे लागेल. उरलेल्या एकोणचाळीस हेक्टरांचे मालक कोण आणि त्यांच्या पिण्याच्या पाण्याचे काय, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

हा प्रश्न कायद्याने मात्र दीर्घकाळ उपस्थितच होऊ दिला नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालील पाणी वापरण्याचा अधिकार जमीनमालकाला दिला. मोटेच्या काळात त्यातून फारसे बिघडत नव्हते. बैलांच्या दमालाच मर्यादा होती. विजेचा पंप आणि बोअरवेल आल्यावर ही नैसर्गिक मर्यादा संपली. भूगर्भातील पाणी बांध पाहून थांबत नाही. शेजाऱ्याने दोनशे फुटांवर बोअर घेतली की आपली विहीर आटते. आपण तीनशे फुटांवर गेलो की त्याची बोअर कोरडी पडते. यात कोणी खलनायक नसतो. 'मी नाही उपसले तर दुसरा उपसणारच', हा प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बिनचूक असतो आणि सर्वांचे बिनचूक हिशेब मिळून गाव कोरडे पडते. आज भारत वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसतो. जगात इतका उपसा अन्य कोणताही देश करीत नाही.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातील गाजलेल्या लेखात सामाईक संपत्तीच्या या शोकांतिकेची मांडणी केली होती. सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरणच नष्ट होते, हे त्यांचे उदाहरण. त्यातून धोरणकर्त्यांनी दोनच पर्याय काढले: एक तर संपत्ती सरकारच्या ताब्यात द्या, नाही तर तिचे खासगी मालकीत तुकडे करा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ही कोंडी फोडली. स्वित्झर्लंडमधील कुरणे, स्पेनमधील पाटपाणी, जपानमधील गावराने यांचा अभ्यास करून, लोक एकत्र येऊन स्वतःचे नियम करतात आणि ते शतकानुशतके पाळतातही, हे त्यांनी दाखवून दिले. टोर्बेल या स्विस गावाने १५१७ मध्येच नियम केला होता की, हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितकी गुरे पोसता येतील, तितकीच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडावीत. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

महाराष्ट्राला यासाठी स्वित्झर्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत काही शतकांची आहे. बंधाऱ्याखालील शेतजमीन फडांत विभागलेली, एका फडात एका हंगामात एकच पीक आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फडच कमी करायचे. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने टंचाईचा भार एकावरच पडत नसे. तूट वाटून घेण्याची ही व्यवस्था भरपूर पाणी वाटण्याच्या व्यवस्थेपेक्षा कितीतरी अवघड, म्हणूनच मोलाची.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेली पाणी पंचायत याहून एक पाऊल पुढे गेली. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरेल. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी मिळेल. भूमिहीनांनाही वाटा असेल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावता येणार नाही, असे तिचे नियम होते. पाणी आणि जमीन यांची मालकी वेगळी करण्याचा हा विचार आजही सरकारी धोरणाच्या कितीतरी पुढे आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार तर घराघरांत माहीत झाले आहे. परंतु तेथील समतल चर आणि बंधारे यांचेच कौतुक अधिक होते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने केलेले खरे काम बंधाऱ्यांनंतरचे आहे. सिंचनासाठी बोअरवेल नाही, ऊस आणि केळी नाही, आणि पाऊस संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची याचा निर्णय, ही ती शिस्त. पिण्याचे पाणी आधी, जनावरांचे त्यानंतर आणि शेतीचे शेवटी. बंधारा कंत्राटदारही बांधून देईल. ही शिस्त मात्र कंत्राटाने मिळत नाही.

आपल्या सरकारी योजनांची गफलत नेमकी येथेच आहे. जलयुक्त शिवार अभियानावर पहिल्या टप्प्यात सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले. भूजल पातळी वाढवण्यात त्याचा परिणाम मर्यादित राहिल्याचा ठपका महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये ठेवला. कामांच्या दर्जाचा वाद बाजूला ठेवला, तरी उपशावर बंधन नसेल तर वाढीव पाणी वाढीव बोअरच फस्त करतात. शेततळ्यांचेही तेच झाले. पावसाचे पाणी साठवण्यासाठी असलेल्या तळ्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरून अनेक ठिकाणी बोअरचे पाणी भरले जाते. सर्वांचे भूजल असे एकाच्या तळ्यात येते आणि उन्हात वाफ होऊन उडून जाते. ठिबकचा लाभही, वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र भिजवले गेले तर, गावापुरता शून्यावर येतो.

कायदे नाहीत असे नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर नको, हा नियम १९९३ चा. त्यापुढे जाणारा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. साठ मीटरहून खोल विहिरींवर नियंत्रण आणि पाणलोट क्षेत्रनिहाय समित्या, अशा तरतुदी त्यात आहेत. परंतु नियमांचा मसुदा यायलाच २०१८ उजाडले आणि बोअरचे यंत्र रात्रीतून गावात येऊन जाते, ते अडवणार कोण, हा प्रश्न कायम राहिला. दुसरीकडे २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. अडचणीतल्या शेतकऱ्याला आधार हवाच, याविषयी दुमत नाही. पण पाणी उपसण्याची किंमत शून्य करून तो देणे, हा आधार देण्याचा सर्वांत महागडा मार्ग आहे. पंजाबने २०१८ मध्ये वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला पैसे देण्याचा प्रयोग सुरू केला. मदत तीच, पण ती उपशाला नव्हे, बचतीला.

शहरी वाचकांनी हा प्रश्न खेड्यांचा म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. उपनगरांतील गृहसंकुलांना मार्चपासून टँकर लागतात. ते बहुधा शहराच्या वेशीवरील विहिरींतून आणि बोअरमधून भरले जातात. विहीरमालक पाणी विकतो, गृहसंकुल पैसे मोजते, व्यवहार दोघांच्या संमतीने होतो. ज्यांच्या विहिरी त्यामुळे आटतात, त्यांना मात्र कोणी विचारत नाही. गावाने स्वतःवर कितीही बंधने घालून घेतली, तरी वेशीवर टँकर उभा असेल तर ती टिकणार नाहीत. टँकरच्या प्रत्येक स्रोताची नोंद आणि मोजणी करणे महापालिकांना अशक्य नाही.

ग्रामनियमांनी सारे सुटेल, असाही भाबडेपणा नको. भूगर्भातील जलधराची सीमा गावाच्या शिवेशी जुळत नाही. एका गावाने राखलेले पाणी खालच्या वा वरच्या गावाची बोअर ओढू शकते. म्हणून नियमांचे एकक पाणलोट क्षेत्र असायला हवे. त्यांना कायद्याचे पाठबळ, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची आकडेवारी आणि उसाइतकी नसली तरी भरवशाची किंमत देणारा डाळी-तेलबियांचा बाजार मिळायला हवा. ऊस लावू नका, हे सांगण्याचा नैतिक अधिकार तुरीची खरेदी वेळेवर करणाऱ्या सरकारलाच असतो.

नैसर्गिक संपत्ती ही जनतेची ठेव असून सरकार तिचे विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले. विश्वस्ताचे पहिले काम हिशेब ठेवण्याचे असते. दर ऑक्टोबरमध्ये प्रत्येक पाणलोटाचा ताळेबंद जाहीर व्हावा आणि त्यानुसारच पिकांचे, उपशाचे आणि टँकरचे निर्णय व्हावेत, इतकी अपेक्षा अवाजवी नाही. विहीर ज्याची त्याची राहो. पाणी सर्वांचे आहे, हे एकदा कागदावर आणि व्यवहारात मान्य करावे लागेल. ते पाऊस चांगला झालेल्या वर्षीच करावे. टंचाईत माणसे नियम करायला बसत नाहीत, भांडायला उभी राहतात.